झूम केले तरी नंबर वाचता येत नाही: सुरक्षा कॅमेऱ्यासाठी ऑप्टिकल झूम की डिजिटल?

सोसायटीच्या आवारातून रात्री दुचाकी चोरीला जाते. सकाळी कमिटीचे सदस्य डीव्हीआरसमोर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासमोर, बसतात. फाटकातून बाहेर पडणाऱ्या दोन गाड्या दिसतात, त्यावरची माणसेही दिसतात. पण सोबत आलेल्या अनोळखी गाडीचा क्रमांक वाचण्यासाठी चित्र मोठे केले की पडद्यावर केवळ करडे चौकोन उरतात. त्यानंतर बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे त्याच जागी जास्त मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा बसवणे. पुढच्या घटनेच्या वेळी पुन्हा तेच चौकोन समोर येतात. ही तक्रार सोसायट्या, दुकाने, गोदामे आणि फार्महाऊस अशा सगळीकडून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा झूमविषयीच्या एका गैरसमजात असते.

ऑप्टिकल झूममध्ये लेन्समधील भिंगे पुढेमागे सरकतात, दृश्याचा लहान भाग सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, संपूर्ण पृष्ठभागावर पसरतो आणि त्यामुळे त्या भागाच्या वाट्याला अधिक पिक्सेल येतात. डिजिटल झूममध्ये लेन्स जागची हलत नाही. टिपलेल्या चित्राचा एक तुकडा कापून तो पडद्याएवढा ताणला जातो आणि मधल्या जागा शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरल्या जातात. फुगा फुगवल्यावर त्यावर लिहिलेले अक्षर मोठे होते, पण शाई तेवढीच राहते, तसा हा प्रकार आहे. २ मेगापिक्सेलचे, म्हणजे १९२० × १०८० पिक्सेलचे चित्र चारपट झूम केले की पाहणाऱ्यासमोर प्रत्यक्षात ४८० × २७० पिक्सेलचा तुकडा असतो, म्हणजे मूळ चित्राचा सोळावा भाग.

मात्र निवड करताना यापेक्षाही महत्त्वाचा फरक वेळेचा आहे. ऑप्टिकल झूम घटनेच्या आधी किंवा घटना घडत असतानाच करता येतो. डिजिटल झूम नंतर, रेकॉर्डिंग पाहताना, हवा तेव्हा करता येतो. सकाळी डीव्हीआरसमोर बसल्यावर जो झूम केला जातो तो नेहमीच डिजिटल असतो, मग भिंतीवरचा कॅमेरा कितीही महाग असो. त्यामुळे फाटकावरचा क्रमांक वाचता येईल की नाही, याचा निर्णय कॅमेरा बसवण्याच्या दिवशीच होऊन गेलेला असतो.

नवा कॅमेरा घेण्याआधी

पहिली तपासणी मोबाइलची. बहुतेक डीव्हीआर आणि एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांसाठीचे तसेच यंत्र) प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्राचे दोन प्रवाह तयार करतात. मुख्य प्रवाह पूर्ण क्षमतेचा असतो, तर उपप्रवाह इंटरनेटचा भार हलका राहावा म्हणून मुद्दाम लहान ठेवलेला असतो; तो ६४० × ३६० किंवा ३५२ × २८८ पिक्सेल इतकाच असू शकतो. मोबाइलवरील ॲप अनेकदा आपणहून हा लहान प्रवाह दाखवते, आणि सदस्य त्यावर बोटांनी झूम करून कॅमेऱ्याला दोष देतात. म्हणून फुटेज नेहमी थेट डीव्हीआरवर, मुख्य प्रवाहातून पाहावे. शक्य असल्यास ती चित्रफीत पेनड्राइव्हवर घेऊन संगणकावर उघडावी.

चित्रफीत संगणकावर घेतलीच आहे, तर तिची लांबी-रुंदी गुणधर्मांमध्ये जाऊन पाहावी, कारण दुसरे कारण तेथेच सापडते. स्वस्त डीव्हीआरमध्ये ‘१०८०एन’ किंवा ‘१०८०पी लाइट’ नावाची रेकॉर्डिंगची पद्धत असते. तिच्यात उंचीचे १०८० पिक्सेल तसेच राहतात, पण रुंदीचे १९२० ऐवजी ९६०च नोंदले जातात आणि पाहताना ते दुप्पट ताणून दाखवले जातात. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, खोक्यावर फुल एचडी लिहिलेले, पडद्यावर चित्रही पूर्ण भरलेले. अर्धा तपशील मात्र डिस्कवर कधी पोहोचलेलाच नसतो. गाडीच्या क्रमांकाच्या पाटीवरील अक्षरे आडवी मांडलेली असल्यामुळे ही काटछाट नेमकी चुकीच्या दिशेने होते. डीव्हीआरच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये पूर्ण १०८०पी उपलब्ध असेल तर ते आधी निवडावे. काही यंत्रांत त्यासाठी दर सेकंदाच्या फ्रेम कमी कराव्या लागतात, आणि फाटकासाठी २५ ऐवजी १२ किंवा १५ फ्रेम पूर्णपणे चालतात.

तिसरे कारण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा नोंदला जातो, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. एका कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग ४ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) दराने होत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. आठ कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे ३४५ जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क तीन दिवसांच्या आत भरते. कमिटीने १ टीबीमध्येच तीस दिवसांचे फुटेज राहिले पाहिजे असा आग्रह धरला, तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला ०.४ एमबीपीएसही येत नाही. बसवणारा तंत्रज्ञ मग बिटरेट खाली आणून मागणी पूर्ण करतो. थेट चित्र बरे दिसते, कारण ते डिस्कपर्यंत जाऊन आलेले नसते. रेकॉर्डिंगमध्ये मात्र हलणारी गाडी ठोकळ्यांची बनलेली दिसते. चित्रफीत आकसून साठवण्याची एच.२६५ पद्धत वापरली तर तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा पुरते, पण तिनेही हे गणित पूर्ण सुटत नाही. जिन्याचे आणि गच्चीचे कॅमेरे हालचाल झाल्यावरच रेकॉर्ड होतील असे ठेवावेत, त्यांचा बिटरेट उतरवावा, आणि वाचलेली जागा फाटकाच्या कॅमेऱ्याला द्यावी. सगळ्या कॅमेऱ्यांना समान वाटणी करणे हा न्याय येथे उपयोगाचा नाही.

या तिन्ही गोष्टी दुरुस्त करायला नवे यंत्र लागत नाही. एवढ्यानेच क्रमांक वाचता येऊ लागला, तर पुढे जाण्याची गरज नाही.

एका मीटरला किती पिक्सेल

तरीही वाचता येत नसेल, तर मोजमाप करावे. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत, पाहण्याच्या जागी दर मीटर रुंदीला किती पिक्सेल मिळतात यावरून पायऱ्या ठरवल्या होत्या. तेथे कोणीतरी आहे एवढे कळण्यासाठी २५, कपडे आणि हालचाल कळण्यासाठी ६२.५, आधीपासून माहीत असलेली व्यक्ती ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी व्यक्तीची ओळख खात्रीने पटवण्यासाठी २५० पिक्सेल प्रति मीटर. कॅमेरा विकताना मेगापिक्सेल सांगितले जातात. खरेदी करणाऱ्याने विचारायला हवा तो हा आकडा.

तो घरच्या घरी मोजता येतो. फाटकाच्या ज्या रेषेवर गाडी ओळखायची आहे, तेथे एका सदस्याने नेमकी एक मीटर लांबीची पट्टी कॅमेऱ्यासमोर आडवी धरून उभे राहावे. त्या क्षणाचे चित्र मुख्य प्रवाहातून काढून संगणकावर पेंट या प्रोग्रॅममध्ये उघडावे. पट्टीच्या डाव्या टोकावर कर्सर नेला की खालच्या कडेला त्याचे स्थान आकड्यांत दिसते. उजव्या टोकाचेही पाहावे आणि दोन्ही आडव्या आकड्यांची वजाबाकी करावी. उत्तर म्हणजे त्या जागेचे पिक्सेल प्रति मीटर. डीव्हीआर १०८०एनवर असेल आणि चित्र ताणून १९२० रुंदीचे झालेले असेल, तर उत्तर निम्मे धरावे.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. वॉचमनच्या केबिनवर ३.६ मिमी लेन्सचा २ मेगापिक्सेल कॅमेरा आहे आणि फाटक १२ मीटरवर आहे. लेन्सजवळ लिहिलेला हा मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर. या वर्गातील कॅमेऱ्यांत सर्रास आढळणारा सेन्सर सुमारे ५.४ मिमी रुंद असतो, म्हणून दिसणाऱ्या दृश्याची रुंदी ढोबळमानाने अंतर गुणिले ५.४ भागिले नाभीय अंतर इतकी येते. येथे ती १८ मीटर होते, आणि १९२० पिक्सेल त्या १८ मीटरवर वाटले गेले की दर मीटरला १०७ उरतात. दुचाकीची मागची उच्च सुरक्षा पाटी २०० × १०० मिमीची असते. तिच्या पूर्ण रुंदीला मिळतात २१ पिक्सेल. तिच्यावरील ४० मिमी उंचीचा अंक चार पिक्सेलमध्ये बसवला जातो. चार पिक्सेल उंचीत ३, ८ आणि ९ यांच्यात फरक दाखवायला जागाच नसते. चारपट झूम केल्यावर ती पाटी पडद्यावर ८४ पिक्सेल रुंद दिसेल, पण त्यात माहिती २१ पिक्सेलचीच असेल.

याच जागी ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला तर काय होते? रुंदीचे पिक्सेल ३८४० होतात, म्हणजे दुप्पट. चौपट मेगापिक्सेलमुळे रुंदी चौपट होत नाही. शिवाय अशा कॅमेऱ्यांत बऱ्याचदा २.८ मिमीची लेन्स येते, जी आणखी रुंद पाहते. तेवढाच सेन्सर धरला तर १२ मीटरवर दृश्याची रुंदी २३ मीटर आणि घनता सुमारे १६६ पिक्सेल प्रति मीटर. पाटीला ३३ पिक्सेल, अंकाला साडेसहा. खर्च बराच झाला, पाटी तरीही वाचता आली नाही, आणि जास्तीचे पिक्सेल रस्त्यापलीकडचे दुकान आणि आभाळ टिपण्यात गेले.

त्याऐवजी तोच २ मेगापिक्सेल कॅमेरा १२ मिमी लेन्सचा घेतला तर दृश्याची रुंदी ५.४ मीटर होते, म्हणजे साधारण एका फाटकाएवढी, आणि घनता ३५५ पिक्सेल प्रति मीटर. दुचाकीच्या पाटीला ७१ पिक्सेल मिळतात, ४० मिमीच्या अंकाला १४, आणि चारचाकीच्या ६५ मिमी अक्षराला २३. हे डोळ्यांना वाचता येते. याला ऑप्टिकल झूम म्हणा किंवा योग्य लेन्स म्हणा, काम तेच आहे.

कोणती लेन्स, कशी लावायची

फाटक आणि कॅमेरा दोन्ही जागचे हलणार नसतील, तर झूम बदलण्याची सोय रोज लागत नाही. ती एकदाच, बसवताना लागते. त्यामुळे माझा स्पष्ट सल्ला व्हेरिफोकल, म्हणजे नाभीय अंतर बदलता येणाऱ्या, लेन्सचा आहे. २.७ ते १३.५ मिमी ही बाजारातील परिचित श्रेणी आहे आणि तिला पाचपट ऑप्टिकल झूम म्हणतात, कारण मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागले की पाच येतात. ‘पाचपट’ किंवा ‘पंचवीसपट’ हा केवळ भागाकार आहे हे लक्षात ठेवावे. किती लांबचे दिसेल हे मोठ्या मिलिमीटरवरून ठरते. काही वायफाय कॅमेऱ्यांवर ‘आठपट हायब्रिड झूम’ असे लिहिलेले असते. त्यांत दोन स्थिर लेन्स असतात, एक रुंद आणि एक लांबची, आणि त्यांच्या मधले सगळे टप्पे डिजिटल असतात. अशा वेळी लांबच्या लेन्सचे मिलिमीटर विचारावेत आणि वरचे गणित त्यावर करावे.

हाताने फिरवायच्या व्हेरिफोकल कॅमेऱ्यात झूम आणि फोकस यांचे दोन स्क्रू असतात. झूमचा स्क्रू हलवला की फोकसही बिघडतो, म्हणून दोन्ही आळीपाळीने जुळवावे लागतात. हे काम मोबाइलच्या लहान पडद्यावर पाहून करू नये. फाटकावर एखादी जुनी पाटी टेकवून ठेवावी आणि मॉनिटरवर तिची अक्षरे पाहत जुळवावे. मोटोराइज्ड लेन्समध्ये हेच काम डीव्हीआर किंवा एनव्हीआरवरून होते, आणि शिडी लावणे अवघड असलेल्या खांबावर तिचा जादा खर्च वसूल होतो.

ऑप्टिकल झूमची किंमत म्हणजे गमावलेले भोवतालचे दृश्य. १२ मिमीवर फाटक दिसते, पण गाडी कोठून आली आणि बाहेर पडल्यावर कोणत्या बाजूला वळली हे दिसत नाही. त्यामुळे जुना रुंद कॅमेरा काढू नये, दुसरा शेजारी बसवावा. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामे करून घेण्याचा प्रयत्न हेच ही समस्या वारंवार उद्भवण्याचे मुख्य कारण आहे.

दिवसा वाचता येते, रात्री नाही

पिक्सेल पुरेसे असूनही रात्रीचा क्रमांक पुसट येत असेल, तर झूमला हात लावू नये. दोष शटरमध्ये असतो. अंधारात कॅमेरा आपणहून शटर हळू करतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ प्रकाश घेतो. ताशी १५ किमी वेगाची गाडी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात सुमारे १७ सेमी पुढे जाते, आणि गाडी कॅमेऱ्यासमोरून आडवी जात असेल तर एका फ्रेममध्ये पाटी जवळजवळ तिच्याच रुंदीइतकी घासली जाते. सरळ येणाऱ्या गाडीची घासण कमी असते, तरी अक्षरे बिघडवायला ती पुरते. ऑप्टिकल झूमने ही घासणही पाटीसोबत मोठी होते. उंच खांबाची वाऱ्याने होणारी थरथरसुद्धा. शटर १/५०० वर स्थिर केले तर त्याच गाडीची आडवी सरक ८ मिमीवर येते, १/१००० वर ४ मिमीवर.

जलद शटरला प्रकाश जास्त लागतो, आणि येथे व्हेरिफोकल लेन्सची एक मर्यादा आडवी येते. लांबच्या टोकाला तिचे छिद्र तुलनेने लहान होते आणि सेन्सरपर्यंत प्रकाश कमी पोहोचतो. कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे सगळीकडे पसरणारे असतील, तर १२ मीटरवरच्या अरुंद पट्ट्यात त्यांचा थोडाच वाटा पडतो. फाटकावर एक साधा एलईडी फ्लडलाइट, कॅमेऱ्याकडे तोंड न करता रस्त्यावर पडेल असा लावला, तर या सगळ्या अडचणी एकदम हलक्या होतात. फाटकाच्या आत गतिरोधक किंवा बूम बॅरियर असेल तर गाडी तेथे थबकते. ओळखण्याची रेषा तीच ठरवावी.

उलट अडचणही येते. उच्च सुरक्षा पाटीचा पत्रा प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतो, त्यामुळे इन्फ्रारेड दिवे थेट समोर असले की पाटी पांढऱ्या पट्ट्यासारखी चमकते आणि अक्षरे नाहीशी होतात. इन्फ्रारेडची तीव्रता कमी करावी आणि एक्स्पोजर उतरवावे. क्रमांकासाठी खास लावलेल्या कॅमेऱ्याचे रात्रीचे चित्र काळोखे दिसते, त्यात पाटी आणि दिवे सोडून फारसे काही दिसत नाही. ते तसेच असायला हवे. समोरून येणाऱ्या हेडलाइटचा त्रास टाळायचा असेल, तर कॅमेरा गाडीची मागची पाटी टिपेल असा लावावा. दुचाकीच्या बाबतीत तर हेच बरे, कारण तिची पुढची पाटी केवळ ४५ मिमी उंच असते आणि तिच्यावरील अक्षरेही मागच्यापेक्षा लहान असतात. पाटीकडे पाहण्याचा कोन ३० अंशांपेक्षा तिरका नसावा, म्हणून चार मीटर उंचीवरून अगदी पायथ्याशी पाहणारा कॅमेरा या कामाला निरुपयोगी आहे.

फोकसही एकदा रात्री तपासावा. काही लेन्समध्ये इन्फ्रारेड प्रकाशाचा फोकस दिवसाच्या प्रकाशापेक्षा किंचित वेगळ्या जागी पडतो, आणि दुपारी जुळवलेला कॅमेरा अंधार पडल्यावर मऊ दिसू लागतो. पावसाळ्यानंतर काचेवरचे डाग आणि कोळ्याची जाळी काढणे हे वेगळे सांगायला नको.

डिजिटल झूम जेथे पुरतो

डिजिटल झूमला सरसकट वाईट ठरवणे योग्य नाही. दुकानाच्या गल्ल्यावर तीन मीटर अंतरावरून २.८ मिमीचा २ मेगापिक्सेल कॅमेरा पाहत असेल, तर दृश्याची रुंदी सुमारे ५.८ मीटर आणि घनता ३३० पिक्सेल प्रति मीटर असते. तेथे चेहरा आधीच पुरेशा पिक्सेलमध्ये टिपलेला असतो; तो मोठा करून पाहायला डिजिटल झूम चांगला चालतो आणि ऑप्टिकल झूमवर खर्च करण्याचे कारण नाही. लिफ्टसमोरची मोकळी जागा, जिना आणि घराचा दरवाजा यांनाही हेच लागू आहे. मोठ्या पार्किंगमध्ये घटना नेमकी कोठे घडेल हे आधी सांगता येत नाही. तेथे ८ मेगापिक्सेलचा रुंद कॅमेरा आणि नंतर डिजिटल झूम हीच योग्य जोडी ठरते, कारण कापून मोठे करायला मूळ चित्रात काहीतरी असते.

फिरणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्यांचा मोह मोठा असतो. ४.८ ते १२० मिमीचा पंचवीसपट झूम मैदानाच्या पलीकडची पाटी वाचून दाखवतो, आणि दाखवताना तो खरोखर प्रभावी वाटतो. पण तो ज्या क्षणी पलीकडे पाहत असतो, त्या क्षणी फाटकाकडे पाहत नसतो. चोवीस तास कोणी माणूस तो चालवणार असेल, तरच तो घ्यावा. सोसायटीत त्याच पैशांत दोन-तीन स्थिर कॅमेरे अधिक कामाचे ठरतात. असलेल्या पीटीझेडमध्ये एक सेटिंग जरूर पाहावे. ऑप्टिकल झूमची मर्यादा संपल्यावर पुढे आपोआप डिजिटल झूम सुरू होण्याची सोय त्यात असते. हा झूम कॅमेऱ्याच्या आत होतो, म्हणून कापलेले चित्रच रेकॉर्ड होते आणि भोवतालचा भाग कायमचा जातो. ती सोय बंद ठेवावी.

फुटेज पोलिसांना देताना

चोरीनंतर अनेकजण झूम केलेल्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि तोच पुढे पाठवतात. पाठवताना तो आणखी आकसतो, आणि मूळ रेकॉर्डिंगमध्ये जे थोडेफार होते तेही हरवते. चित्र ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या एआय साधनांपासून तर कटाक्षाने दूर राहावे. ती अस्पष्ट जागी नीटनेटका अंक बसवतात, पण तो अंक गाडीवर होताच असे नाही, आणि त्यातून एखाद्या निरपराध माणसाच्या दारात पोलीस जाऊ शकतात. डीव्हीआरमधून मुख्य प्रवाहाची मूळ फाइल, घटनेच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटे धरून काढावी, तिची एक प्रत सोसायटीकडे ठेवावी आणि डिस्कवर नवे रेकॉर्डिंग चढण्याआधी हे करावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, नमूद करायचे असते; त्यामुळे एकदा काढलेली फाइल पुन्हा कापू किंवा बदलू नये. डीव्हीआरचे घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा किती मिनिटे पुढे किंवा मागे आहे, हेही त्याच वेळी तपासून लिहून द्यावे.